बिनमिठाचा बर्फ

मिठाची मूठ बर्फावर पडायच्या आत मी साहेबांचं मनगट धरलं.

परक्या पुरुषाचा हात असा चारचौघांत धरायची ती माझी पहिलीच वेळ, आणि पुरुष तरी कोण, तर तालुक्याहून जीपनं आलेला सरकारी माणूस. ओट्यापुढं जमलेली माणसं माना वर करून बघायला लागली. माझा नवरा भागुजी कोपऱ्यात दुधाची कढई घासत बसला होता, त्याचा हात राखेतच थांबला. देवकुळे साहेब माझ्या हाताकडे बघत होते आणि मी त्यांच्या मुठीकडे. मुठीतून दोनचार खडे निसटून ओट्यावर पडले. बर्फात मात्र एकही पडू दिला नाही.

"बाई, हात सोडा," साहेब म्हणाले.

"आधी तुमी मीठ सोडा. तिकडं, पोत्यात."

"अगं ए, साहेब हायेत ते!" भागुजी ओरडला.

"मग मी कुठं नाय म्हन्ते? माझ्या बर्फात मीठ मी टाकते. माझ्या नवऱ्यालाबी टाकू देत नाय, इचारा त्याला."

लोक हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी मूठ पोत्यात रिकामी केली आणि रुमालानं हात पुसला. खरं सांगायचं तर तोवर मला औषधातलं काही कळत नव्हतं. मी हात धरला तो निव्वळ गुर्मीनं. पंचक्रोशीत कुल्फी खावी तर टाकळीची आणि टाकळीत खावी तर करंजुल्यांची, म्हणजे आमची, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी फक्त लोकांना नाही म्हणत नाही. त्या कुल्फीत दूध, साखर, वेलची सगळ्यांकडे असते तीच. फरक असतो तो मिठाचा. बर्फ किती बारीक फोडायचा, त्यावर मीठ कधी आणि किती टाकायचं, हे सासूबाईंनी मला सहा वर्षं शिकवलं आणि सातव्या वर्षी मिठाच्या पोत्याला हात लावू दिला. आणि हा माणूस आल्याआल्या मूठ भरून मोकळा!

झालं होतं असं. दुसऱ्या दिवशी गावात भैरोबाची यात्रा होती. यात्रेला वाड्यावस्त्यांवरच्या बाया पोरांना घेऊन येतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, म्हणून सरकारनं लस टोचायचा कॅम्पही त्याच सकाळी ठेवला होता. साहेब लसीच्या बाटल्या घेऊन सकाळीच निघाले होते, पण घाटात जीपचं पाणी संपलं, इंजिन तापलं आणि चार तास रस्त्यातच गेले. टाकळीत पोचले तेव्हा डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं. गावात आरोग्य केंद्र होतं, त्यात फ्रिजही होता, पण ट्रान्सफॉर्मर जळून तीन दिवस झाले होते. चैत्राचं ऊन असं होतं की सावलीतला दगडही बूड टेकू देत नव्हता.

केंद्रातल्या भिंगारदिवे सिस्टर पळत माझ्याकडे आल्या. "हौसाबाई, तुमच्याकडे बर्फ आहे ना? उद्या सकाळपर्यंत सत्तर पोरांची लस सांभाळायची आहे. नाहीतर सगळी वाया जाईल."

बर्फ होता. यात्रेसाठी नगरहून चार लाद्या आणून मी भुश्शात आणि गोणपाटात पुरून ठेवल्या होत्या. मी एक शब्द न बोलता रिकामं टब काढलं, अर्धी लादी टोच्यानं फोडली आणि टब भरून दिलं. माझी कुल्फी कमी होणार होती, होऊ दे म्हटलं. आणि आता साहेब त्यात मीठ टाकायला निघाले होते.

"बाई, तुमचं मीठ मला फुकट नको आहे," साहेब जरा नरमाईनं म्हणाले. बहुतेक त्यांना वाटलं, ही मिठासाठी भांडते आहे. "पण हा बर्फ सकाळपर्यंत टिकला पाहिजे. मीठ टाकलं की बर्फ टिकतो."

"कुनी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? तुम्ही स्वतः टाकता की. ते काय आहे मग?" त्यांनी शेजारच्या टबाकडे बोट दाखवलं. त्यात पहिल्या खेपेचे कुल्फीचे साचे मिठाच्या बर्फात बसले होते आणि टबाला बाहेरून पांढरी साय धरली होती.

"साहेब, त्या टबातला बर्फ बघा की निम्मा झालाय. घंट्याभरात पानी व्हईल. आन् ह्यो बिनमिठाचा बघा, सकाळला उरंल. मीठ बर्फाला टिकवीत नाय. मीठ बर्फाला खातं."

"मग थंडी कशी वाढते?"

"तेच तर. बर्फाला वितळायचं म्हनलं की ऊब लागती. उनात ठिवला तर उनाची घेतो, हातात धरला तर हाताची. आता मिठानं त्याला धरून जबरदस्तीनं वितळायला लावलं, तर त्यानं ऊब आनायची कुठनं? शेजारी दूध असतंय. दुधातली वरबाडून घेतो. म्हनून दूध गोठतं. नुसत्या बर्फात दूध ठिवा, गार व्हईल, गारढोन व्हईल, पन रातभर ठिवलं तरी गोठायचं नाय."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. साहेब म्हणाले, "छान. म्हणजे मिठानं जास्त थंड होतं, हे तुम्हीच कबूल केलंत. लस जितकी गार तितकी चांगली. पोलिओची लस आम्ही दगडासारखी गोठवून ठेवतो. टाका मीठ. बर्फ कमी पडला तर आणखी घालू."

आता त्यांच्या बोलण्यात काही चूक दिसत नव्हती. भागुजी म्हणाला, "टाक की बया. सायबाला कळत नाय आन् तुला कळतं व्हय?" मी मीठ घ्यायला वाकलेही होते. तेवढ्यात सिस्टरनी डब्यातली एक बाटली बाहेर काढून टबात ठेवली आणि माझी नजर तिच्यावर गेली.

बाटली अंगठ्याएवढी. आत पांढरट पाणी. अगदी पाणी घातलेल्या दुधासारखं.

"सिस्टर, ही पोलिओची हाय का?"

"नाही, ही त्रिगुणी. एकाच सुईत तीन रोगांवर. डांग्या खोकला, धनुर्वात आणि घटसर्प."

घटसर्प म्हटल्याबरोबर ओट्यापुढची कुजबूज थांबली. आमच्या घराला दोन दारं आहेत, एक आमचं आणि एक धाकट्या दिराचं. त्या दुसऱ्या दारात माझी जाऊ यमुना पोरीला कडेवर घेऊन उभी होती. ती आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

त्यामागचं सांगितलं पाहिजे. यमुनाची थोरली मुलगी सुमी आदल्या दिवाळीनंतर घटसर्पानं गेली. अडीच वर्षांची होती. माझ्या ओट्यावर बसून साच्यातली उरलीसुरली कुल्फी खरवडून खायची. आणि तिला सुया दिल्या होत्या, तिन्हीच्या तिन्ही. यमुना सुईला भीत होती, मीच तिला म्हटलं होतं, "येडी का काय, सरकार फुकट देतंय, पोर जन्माची राखली जाईल." तिन्ही वेळा सुमीला माझ्या मांडीवर धरून मीच टोचून आणलं. मग ती गेली. त्यानंतर यमुनानं माझ्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिव्या नाहीत, नुसतं बोलणं टाकलं. एका आडावर पाणी भरायचो, एका उंबऱ्यावरून जायचो, पण साडेपाच महिने तिच्या तोंडून मला एक शब्द आला नव्हता. तिचं काय चुकलं म्हणू? गावातही तेच झालं. सुई घेऊनही पोर गेलं म्हटल्यावर बाया केंद्राकडे फिरकेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या कॅम्पसाठी सिस्टर महिनाभर दारोदार पाया पडत हिंडल्या होत्या, तेव्हा कुठं सत्तर जणी येतो म्हणाल्या होत्या. यमुना त्यात नव्हती. तिच्या कडेवरच्या रंजीला आठ महिने झाले होते आणि एकही सुई नव्हती.

आणि ह्या सत्तर पोरांची लस आता माझ्या टबात होती. उद्या ह्यातलंही एखादं पोर गेलं, तर टाकळीत पुन्हा कुणी दंड पुढं करणार नव्हतं.

मी वाकलेली सरळ झाले. मीठ घेतलं नाही.

"साहेब, यक इचारू? दूध यकदा गोठून वितळलं, तर त्ये पुन्ना दूध ऱ्हातं का?"

"म्हणजे?"

"नाय ऱ्हात. पानी येगळं व्हतं, कन येगळं व्हत्यात. यात्रेत उरल्याली कुल्फी वितळवून पुन्ना आटवा, जिभेला रवा लागतो. माझी सासू त्ये म्हशीच्या आंबोणात वतायची, गिऱ्हाइकाला नाय द्यायची. तुमचं ह्ये औषध दुधासारखंच दिसतंय. गोठून जर त्ये फाटलं तर?"

"ते दूध नाही बाई, औषध आहे! मोठ्या कारखान्यात बनतं."

"असंल. मग बघू या की. दोन बाटल्या द्या मला. यक मिठाच्या बर्फात घालते, यक बिनमिठाच्या. तासाभराचं काम."

"सरकारी लस आहे ती. एका बाटलीत दहा पोरांचे डोस असतात. खेळायला नाहीत."

तेव्हा सिस्टर बोलल्या. तोवर त्या साहेबांपुढं कधी मान वर करून बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. "सर, माझ्या नावावर लिहा एक बाटली. खराब झाली असं लिहा. मला बघायचं आहे."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. जीप तर जाग्यावरून हलणार नव्हती. "ठीक आहे. पण काही फरक दिसला नाही तर मी सांगेन तेवढं मीठ पडेल. आणि बाई, वर पुन्हा माझा हात धरायचा नाही."

"धरला तर भागुजी हाय की बगायला," मी म्हटलं. पण मनातून भीत होते. मी दुधातली शहाणी, औषधातली नाही. फरक दिसला नसता तर यात्रेभर लोकांनी माझी कुल्फी खाताखाता माझीच टिंगल केली असती, आणि तेही ठीक, पण माझ्या हट्टापायी लसीला काही झालं असतं तर मी यमुनाच्या दारावरून कुठल्या तोंडानं गेले असते?

एका बाटलीच्या गळ्याला मी दोरा बांधला, म्हणजे ओळखू यावी. ती मिठाच्या बर्फात साच्यांच्या मधोमध खुपसली आणि वर पोतं टाकलं. दुसरी बिनमिठाच्या. तिथं आधी बर्फावर हात फिरवून बघितला. कारखान्यातून आलेली ताजी लादी कोरडी असते, बोट लावलं की चिकटतं. तसल्या बर्फाचा भरवसा नसतो, तो मिठाशिवायही गोठवू शकतो. त्याला घाम फुटू द्यावा लागतो. माझ्या लादीला कालच घाम फुटला होता, हात ओला झाला, चिकटला नाही. मी बाटली ठेवली.

मग आम्ही वाट बघत बसलो. मी साहेबांना चहा करून दिला. त्यांनी तो घेतला आणि चांगला झालाय असंही म्हणाले, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

अर्ध्यापाऊण तासानं पोतं काढलं. दोऱ्याची बाटली दगड झाली होती. हलवली तर आत काही हललं नाही. दुसरी होती तशी, गार, आत दूधपाणी डुचमळत होतं. दोऱ्याची बाटली मी तळहातात धरून बसले. हाताची ऊब तिनं अशी ओढली की बोटं बधिर झाली, पण हात बदलला नाही. सगळं वितळल्यावर दोन्ही बाटल्या सिस्टरकडे दिल्या. "हलवा दोनीबी. सारख्याच हलवा."

त्यांनी दोन हातांत दोन बाटल्या घेऊन खळाखळा हलवल्या आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसत होत्या.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "आहे का काही फरक?"

"दम धरा. दूध फाटलं तर लगीच कळतं का? निवळू द्या."

चाळीसएक माणसं दोन बाटल्यांकडे डोळे लावून उभी होती. भागुजी कढई सोडून आला होता. तुका न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून त्याच्यासकट आला होता.

आधी मला वाटलं, माझे डोळे फसवताहेत. मग भागुजीच हळूच म्हणाला, "अगं, खाली बसायला लागलं की गं."

दोऱ्याच्या बाटलीत वरच्या कडेला पाणी निवळत होतं. बारीक पांढरे कण भुरभुरत तळाकडे चालले होते. पंधरावीस मिनिटांत तळाला चुन्यासारखा थर बसला आणि वर नितळ पाणी राहिलं, इतकं नितळ की पलीकडचं लाकूड दिसावं. बिनमिठाची बाटली अजून वरपासून खालपर्यंत दुधासारखी होती.

काय सांगू, माझी छाती अशी फुलली की चोळीची गाठ तुटते का काय! "बगा साहेब," मी मोठ्यानं म्हटलं, "कारखान्यातलं दूधबी फाटतं!"

लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. साहेब खाली बसले, बाटली डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पुन्हा हलवली, पुन्हा ठेवली. पुन्हा तोच थर. मी सिस्टरकडे पाहिलं, म्हटलं ह्या तरी शाबासकी देतील. सिस्टर तिथं नव्हत्या.

त्या केंद्राकडे गेल्या होत्या. वीस पावलांवर केंद्र. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात आणखी एक बाटली होती. कुणाशी न बोलता त्यांनी ती हलवली आणि त्या दोघींच्या शेजारी ठेवली.

"ही कुठली?" मी विचारलं.

"आमच्या फ्रिजमधली. उरलेली."

आम्ही बघत राहिलो. ह्या बाटलीलाही कण खाली बसायला लागले. वर नितळ पाणी, तळाला चुना. हुबेहूब दोऱ्याच्या बाटलीसारखी.

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला होता. "मी बाटल्या वरच्या बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्यात गार जागी ठेवा, असं आम्हाला सांगितलं होतं. रात्री गोठायच्या, लाईट गेली की वितळायच्या. तीन वर्षं मी हेच टोचत आले." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सुमीच्या तिन्ही सुया ह्याच कप्प्यातल्या होत्या, हौसाबाई."

माझी फुललेली छाती तिथंच बसली. टाळ्या वाजवणारी माणसं एकेक करून पांगली. इतके महिने मी स्वतःला विचारत होते, की मी पोरीला नेली ते चुकलं का. सुई खोटी होती का, का देवाचीच इच्छा. आणि उत्तर माझ्या ओट्यावर तीन बाटल्यांत उभं होतं. सुई खोटी नव्हती. गोठली होती, एवढंच. आणि गोठण्यातलं मला कळत होतं. सुमीला न्यायच्या आधी एकदा जरी मी ती बाटली उजेडात धरून बघितली असती! हा विचार अजूनही मला सुटलेला नाही.

साहेब उठले. "सगळ्यात गार जागी ठेवा, हे मीच सांगितलं होतं. चौदा केंद्रांना." मग म्हणाले, "हे मी वर लिहून पाठवतो. आजच. पण सिस्टर, उद्या लोकांना ह्यातलं काही बोलू नका. नवी लस चांगली आहे, ती टोचा. जुनं काढलं तर एक बाई पोर पुढं करणार नाही."

"आन् चाळीस मानसांनी बगितलं त्याचं काय?" भागुजी म्हणाला.

"त्यांना बाटली दिसली. अर्थ सगळ्यांना कळलेला नाही."

मी म्हटलं, "मला कळला. माझ्या जावंला मी सांगनार."

"तुम्ही नका सांगू," सिस्टर म्हणाल्या. "फ्रिज माझा होता. मी सांगेन."

त्या रात्री मी आणि सिस्टरनी आळीपाळीनं टब सांभाळलं, पाणी काढायचं, बर्फ घालायचा, बाटल्या हलवून बघायच्या. मीठ मी उचलून माळ्यावर ठेवलं होतं.

सकाळी शाळेपुढच्या लिंबाखाली कॅम्प लागला. बाया आल्या, पण जरा लांबच उभ्या राहिल्या. गावात रात्रभर कुजबूज झाली होती. सिस्टर टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"माझ्याकडून चूक झाली आहे," त्या म्हणाल्या. पांढऱ्या साडीचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "तीन वर्षं तुमच्या पोरांना दिलेली त्रिगुणी लस माझ्या फ्रिजमध्ये गोठलेली होती. गोठली की तिचा गुण जातो. मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला पाहिजे होतं. यमुनाताईंची सुमी त्यामुळं गेली. ज्या ज्या पोरांना मी टोचलं, त्यांना पुन्हा पहिल्यापासून टोचावं लागेल. आजची लस हौसाबाईंनी बर्फात राखली आहे. बाटली मी प्रत्येकीच्या समोर हलवून दाखवीन. पटलं तर पोर द्या, नाही पटलं तर मी रागावणार नाही."

मागून एक माणूस ओरडला, "मंजी आमच्या पोरांवर परयोग करीत व्हत्या व्हय?" दुसरा म्हणाला, "हाकला हिला गावातनं." बायांनी पोरं पदराखाली घेतली. दोघीतिघी तर मागं वळल्याही. साहेबांनी डोळे मिटून घेतले, जसं काही ते म्हणत होते, सांगितलं होतं ना.

सिस्टर हलल्या नाहीत. शिव्या ऐकत टेबलापाशी उभ्या राहिल्या. तिशीच्या आतली बाई, पाठीशी घरचं कुणी नाही, गाव परकं. मी मिठामुळं मिरवत होते. पण धाडस कशाला म्हणतात ते मला तेव्हा दिसलं, आणि मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. भागुजी मला खुणावत होता, इकडं ये म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच दोन दिवस लागोपाठ मी त्याचं ऐकलं नाही.

मग गर्दी बाजूला झाली. यमुना पुढं येत होती, रंजीला कडेवर घेऊन. तिच्यापुढं कुणाला बोलायची छाती नव्हती. ती सरळ टेबलापाशी आली आणि सिस्टरच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मला समदी म्हनत व्हती, देवानं नेली," ती म्हणाली. "डाक्टर म्हनला, नशीब. माझी सासू म्हनली, नजर लागली. खरं कुनी सांगितलं नाय. तू सांगितलं."

सिस्टरना रडू आवरेना. "मला माफ करा, ताई."

"माफीचं नंतर बगू. बाटली दाव."

सिस्टरनी बाटली हलवली आणि टेबलावर ठेवली. यमुनानं खाली वाकून बघितलं. चांगली पंधरा मिनिटं ती तशीच बघत राहिली आणि तिच्या मागं सगळं गाव बघत राहिलं. बाटली दुधासारखी पांढरी होती, वरपासून खालपर्यंत. एक कण खाली बसला नाही.

यमुना सरळ झाली. तिनं रंजीला कडेवरून काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"अक्का, मांडीवर घे हिला," ती म्हणाली. "मला सुई बगवत नाय."

साडेपाच महिन्यांनी तिनं मला अक्का म्हटलं. मी तिथंच मातीत बसले आणि पोरीला मांडीवर घट्ट धरलं. सिस्टरनी कापसानं मांडी पुसली आणि सुई टोचली. रंजीनं एक क्षण श्वास धरला आणि मग अशी किंकाळी फोडली की लिंबावरचे कावळे उडाले.

"रडू दे तिला," यमुना म्हणाली. "चांगली मोठ्यानं रडू दे."

त्यानंतर रांग लागली. सत्तर येणार होती, एक्क्याऐंशी आली. एक बाटली तपासण्यातही गेली होती, म्हणून उरलेल्या एकवीस पोरांसाठी साहेब स्वतः मोटारसायकल मिळवून, माझ्या घामेजल्या बर्फाचा डबा घेऊन तालुक्याला गेले आणि दुपारी लस घेऊन आले. एकामागून एक पोरं भोकाड पसरत होती, आया त्यांना थोपटत होत्या, आणि मी यमुनाच्या शेजारी ताठ मानेनं उभी राहून ते सगळं रडणं ऐकत होते.